वाहन-धुलाई केंद्रांतील प्रकाशयोजना : ट्यूबलाइटकडून एलईडीकडे
(नाशिकच्या गंगापूर रोड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
नाशिक शहरातील अशोक स्तंभापासून पश्चिमेस आनंदवल्ली, सोमेश्वर मार्गे गंगापूर गावाकडे व पुढे गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता 'गंगापूर रोड' या नावाने ओळखला जातो. केटीएचएम महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्था, निवासी वसाहती, रुग्णालये व व्यापारी संकुले यांमुळे या परिसरात खाजगी वाहनांची वर्दळ मोठी आहे. वाहने वाढली की त्यांच्या धुलाईचा व्यवसायही वाढतो. पत्र्याचे छत, एखादा रॅम्प किंवा हायड्रॉलिक जॅक, उच्च दाबाचा पंप, फेस फवारण्याचे यंत्र व छताखाली टांगलेल्या ट्यूबलाइट हे लहान वॉशिंग सेंटरचे सर्वसाधारण स्वरूप होय. नोकरदार ग्राहक सायंकाळी येत असल्याने या व्यवसायाचा बराचसा भाग कृत्रिम प्रकाशात चालतो.

ट्यूबलाइट काढून एलईडी दिवे बसविणे हा निर्णय सामान्यतः 'वीजबचत' या एकाच दृष्टीने घेतला जातो. तथापि जेथे ओली फरशी, ओले हात आणि वीज एकत्र येतात तेथे हा प्रश्न केवळ देयकापुरता मर्यादित राहत नाही. प्रकाशाचे तंत्र, कामगारांची सुरक्षितता, खर्चाचे गणित आणि पाऱ्याची विल्हेवाट या चार अंगांनी या स्थित्यंतराचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) दोन्ही दिव्यांचे कार्य :
ट्यूबलाइटचा व्यापारी वापर १९३८ साली अमेरिकेत सुरू झाला. काचेच्या नळीतील पाऱ्याच्या वाफेतून विद्युतप्रवाह गेला असता अतिनील किरण निर्माण होतात व नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. दिवा पेटविण्यासाठी स्टार्टर व प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी चोक आवश्यक असतो. ३६ वॉटच्या ट्यूबबरोबर तांब्याचा चोक साधारणपणे आणखी १० ते १२ वॉट खर्च करतो. ही वीज प्रकाश न देता उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युतदाब कमी असल्यास अथवा थंडी अधिक असल्यास ट्यूब उशिरा पेटते. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी लवकर काम सुरू करणाऱ्यांना हा अनुभव परिचित आहे.

एलईडी हा अर्धवाहक दिवा आहे. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. परंतु निळा एलईडी १९९० च्या दशकात साध्य झाल्यावरच पांढऱ्या प्रकाशाचा मार्ग खुला झाला, कारण निळ्या प्रकाशावर पिवळ्या लेपाची क्रिया घडवून पांढरा प्रकाश मिळविला जातो. या संशोधनासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेने एलईडी बल्ब सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणला.

३६ वॉटची साधी ट्यूब सुमारे २४५० ल्यूमेन, तर २० वॉटची एलईडी ट्यूब सुमारे २००० ल्यूमेन प्रकाश देते. आकड्यांवरून एलईडी उणी वाटते. पण ट्यूबचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो व उघड्या पट्टीत त्यातील मोठा भाग मळक्या पत्र्यावर पडतो. एलईडीचा प्रकाश मुख्यतः खालच्या दिशेने येतो. परिणामी गाडीच्या छतावर व बॉनेटवर पडणारा प्रकाश जवळजवळ सारखाच राहतो.

मात्र याच गुणातून एक अडचण उद्भवते. प्रकाश वरून खाली एकवटल्याने दरवाजांचा खालचा भाग व चाके अंधारात राहतात आणि चिखल तर नेमका तेथेच असतो. म्हणून केवळ जुन्या जागी नवे दिवे न लावता काही दिवे बाजूच्या भिंतींवर तिरके बसविणे आवश्यक ठरते. ओल्या रंगावर एलईडीचे ठिपके चमकून डोळ्यांना त्रास होतो. त्यासाठी दुधी आवरणाचे दिवे घ्यावेत. पॉलिशचे काम होत असल्यास रंग-प्रत्यय निर्देशांक किमान ८० असावा. तसेच चोकवरील ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो व त्यामुळे फिरणारे पॉलिश-यंत्र क्वचित स्थिर किंवा मंद असल्याचा भास होऊ शकतो. हलक्या प्रतीच्या एलईडीतही हा दोष आढळतो. दिवा बदलल्याने तो आपोआप नाहीसा होतो असे समजू नये.

२) पाण्याचा संबंध :
दिव्याच्या आवरणावरील 'आयपी' क्रमांकातील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. 'आयपी ६५' या दिव्याची चाचणी अडीच ते तीन मीटर अंतरावरून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याच्या साध्या झोताने घेतली जाते. त्या चाचणीतील दाब एका बारहूनही कमी असतो. धुलाईच्या पंपाचा दाब मात्र अनेकदा ८० ते १२० बार असतो. म्हणजे 'आयपी ६५' असे छापलेला दिवा धुलाईच्या बंदुकीचा जवळून मारा सहन करीलच असे नाही. अशा माऱ्यासाठी 'आयपी ६९' ही वेगळी चाचणी आहे. तीत ८० ते १०० बार दाबाचे ८० अंश तापमानाचे पाणी १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून सोडले जाते. छताजवळील, झोताच्या टप्प्याबाहेरील दिव्यांना 'आयपी ६५' पुरेसे ठरते. भिंतीवरील दिव्यांना मात्र अधिक संरक्षण अथवा २४ व्होल्टसारख्या अल्प विद्युतदाबाचा पुरवठा द्यावा.

पाणी केवळ झोतातूनच आत शिरते असेही नाही. तापलेल्या बंद दिव्यावर थंड पाणी पडले की आतील हवा आकुंचन पावते व वायरीच्या तोंडाशी फट असल्यास दमट हवा आत खेचली जाते. त्यामुळे वायर दिव्यात खालच्या बाजूने व घट्ट केबल ग्लँडमधून न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली वळण द्यावे, जेणेकरून थेंब तेथूनच गळून पडतील. धुलाईचे अल्कधर्मी शॅम्पू पॉलिकार्बोनेटच्या आवरणास कालांतराने तडे पाडतात. दर काही महिन्यांनी आवरण व रबरी पट्टी तपासणे हा देखभालीचाच भाग मानला पाहिजे. या सर्वांबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व योग्य अर्थिंग नसेल तर कोणताही दिवा सुरक्षित म्हणता येणार नाही.

३) रूपांतराचे तीन मार्ग :
पहिला मार्ग असा की, जुनी पट्टी व चोक तसेच ठेवून त्यावर चालणारी एलईडी ट्यूब बसवावयाची व स्टार्टरच्या जागी तिच्यासोबत मिळणारा खटका घालावयाचा. हा मार्ग सर्वांत सोपा आहे. परंतु चोकमधील वीजहानी कायम राहते आणि गंजलेली पट्टीही तशीच राहते.

दुसऱ्या मार्गात चोक काढून ट्यूबला थेट वीजपुरवठा जोडला जातो. यात हानी टळते. तथापि पुढे एखाद्याने त्याच पट्टीत अनवधानाने जुनी ट्यूब बसविल्यास धोका संभवतो. काही ट्यूबमध्ये वीज दोन टोकांना येते. अशी ट्यूब चालू पुरवठ्यावर बसविताना एक टोक खोबणीत व दुसरे हातात असल्यास विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून पट्टीवर बदलाची ठळक सूचना लिहिणे व मुख्य स्विच बंद करूनच काम करणे अनिवार्य आहे.

तिसऱ्या मार्गात पूर्ण पट्टी काढून टाकून बंदिस्त, जलरोधक एलईडी दिवा बसविला जातो. प्रारंभिक खर्च अधिक असला तरी धुलाई केंद्रासारख्या ओल्या जागेसाठी हाच मार्ग योग्य होय, कारण पहिल्या दोन मार्गांत दिवा नवा झाला तरी आवरण उघडेच राहते.

४) खर्च व बचत :
उदाहरणादाखल १२ ट्यूब असलेले एक केंद्र गृहीत धरू. चोकसह प्रत्येकी ४८ वॉट धरल्यास एकूण भार ५७६ वॉट होतो. दररोज ५ तास व वर्षाला ३०० दिवस म्हणजे १५०० तास वापर धरल्यास ८६४ युनिट वीज लागते. २० वॉटच्या १२ एलईडी दिव्यांना ३६० युनिट लागतील. वार्षिक बचत ५०४ युनिट. प्रतियुनिट १२ रुपये दर गृहीत धरल्यास ही रक्कम ६,०४८ रुपये होते. जलरोधक दिव्याची किंमत मजुरीसह १,००० रुपये धरली, तर १२,००० रुपयांचा खर्च सुमारे दोन वर्षांत भरून निघतो. देशातील विजेमागे प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे लक्षात घेता, वर्षाला सुमारे ३५० किलो उत्सर्जन टळते.

या गणिताची दुसरी बाजूही पाहणे अगत्याचे आहे. त्याच केंद्रातील ३ अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे २.२ किलोवॉटचा पंप दिवसाला ४ तास पूर्ण भाराने चालल्यास मोटारीतील हानी वगळूनही वर्षाला २६४० युनिट वीज घेतो. दिव्यांतील बचत त्याच्या एकपंचमांशाहूनही कमी आहे. पंपाची गळती किंवा झिजलेले नोझल दुर्लक्षून केवळ दिवे बदलणे म्हणजे आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी असे होईल.

एलईडीच्या आयुष्याविषयी ५०,००० तासांचे दावे केले जातात. पण ते बहुधा दिव्याच्या कणांविषयी असतात. दिवा बंद पडतो तो अनेकदा त्यातील ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की सुमारे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याला चिकटवून बसविलेला दिवा यामुळेच लवकर निकामी होतो. तो पत्र्यापासून काही अंतर सोडून टांगावा.

५) पाऱ्याचा प्रश्न :
एका ट्यूबमध्ये साधारणपणे ३ ते ५ मिलिग्रॅम, तर जुन्या ट्यूबमध्ये त्याहून अधिक पारा असतो. हे प्रमाण अल्प आहे. परंतु धुलाईच्या फरशीवर फुटलेल्या ट्यूबचे तुकडे व लेप पाण्याबरोबर गटारात जातात व मग ते गोळा करता येत नाहीत. गंगापूर रोडच्या उत्तरेस गोदावरी वाहते व परिसरातील उतार तिच्याकडे आहेत. पाण्याच्या तळाशी पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होऊन तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या आजाराने त्याचे भीषण स्वरूप जगापुढे आणले.

त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. कराराच्या २०२३ मधील परिषदेत लांब ट्यूबचे उत्पादन, आयात व निर्यात टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरले. अर्थात ट्यूबलाइट बदलणे ही आता केवळ ऐच्छिक बाब राहिलेली नाही.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावयास हवी. रूपांतराच्या दिवशीच डझनभर ट्यूब एकाच वेळी काढल्या जातात. त्या भंगारवाल्याकडे किंवा घंटागाडीत गेल्या, तर पर्यावरणासाठी केलेले कामच पारा पसरविण्याचे निमित्त ठरते. पारायुक्त दिवे ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात. त्या न फोडता खोक्यात उभ्या ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सुपूर्द केल्या पाहिजेत.

निष्कर्ष :
१. धुलाई केंद्रात एलईडीचा स्वीकार आर्थिकदृष्ट्या किफायतशीर आहे, परंतु त्याचे मुख्य समर्थन वीजबचतीत नसून सुरक्षिततेत व पारामुक्तीत आहे.
२. केवळ ट्यूब बदलण्यापेक्षा संपूर्ण जलरोधक दिवा बसविणे श्रेयस्कर ठरते. मात्र 'आयपी' क्रमांक व दिव्याची जागा यांचा एकत्रित विचार व्हावा.
३. दिव्यांबरोबर आरसीसीबी, अर्थिंग व पंपाची कार्यक्षमता यांची तपासणी व्हावी.
४. काढलेल्या ट्यूबची विल्हेवाट ही रूपांतराच्या खर्चातच धरली जावी.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, वसतिगृहे व वाहनतळ येथेही हेच निकष लागू पडतात. भौतिकशास्त्र, वाणिज्य व पर्यावरणशास्त्र या विभागांना परिसरातील एखाद्या केंद्राचे प्रकाशमापन, वीजवापर व ट्यूबची विल्हेवाट यांचा संयुक्त विद्यार्थी-प्रकल्प सहज हाती घेता येईल. ओल्या फरशीवर उभे राहून दिवसभर काम करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने अशा प्रकल्पाचे मोल देयकातील बचतीपेक्षा निश्चितच अधिक राहील.