बांधकाम उद्योगातील उमेदवारी व पर्यावरण

स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ठराविक काळ बांधकामाच्या जागी राहून जे प्रत्यक्ष काम शिकतो, त्यास ‘उमेदवारी’ म्हणतात. वाळू, माती, पाणी व इंधन यांचा मोठा वापर करणाऱ्या उद्योगांत बांधकामाची गणना होते. त्यामुळे या काळात विद्यार्थ्याला लागणाऱ्या सवयींचा परिसरावर दीर्घकाळ परिणाम होतो. प्रस्तुत नोंदीत या संबंधाचा विचार मुख्यतः खानदेशातील पारोळा (जि. जळगाव) परिसराच्या संदर्भात केला आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात सार्वजनिक बांधकामांच्या गरजेतून झाली. रस्ते, कालवे इत्यादींसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने १८५४ मध्ये पुणे येथे अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारागीर-उमेदवारीस कायद्याचा आधार दिला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचाही त्यात समावेश करण्यात आला. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या पदविका अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. जळगाव व धुळे येथे शासकीय तंत्रनिकेतने असून पारोळा हे गाव या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे.

बांधकामाचा पर्यावरणावरील भार : बांधकामाच्या साहित्यात सिमेंटचा भार विशेष मोठा आहे. चुनखडी व माती यांचे मिश्रण सु. १,४५०° से. तापमानास भाजून सिमेंटचा मूळ घटक (क्लिंकर) तयार होतो. या क्रियेत इंधनाच्या ज्वलनाबरोबरच खुद्द चुनखडीतूनही कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या एका टनामागे हा वायू सु. ०.८ ते ०.९ टन इतका निघतो. बांधकामाच्या प्रचलित ठोकताळ्यानुसार १,००० चौ. फुटांच्या पक्क्या घरास सु. ४०० पोती, म्हणजे २० टन सिमेंट लागते. त्यापोटी १६ ते १८ टन वायू हवेत मिसळतो. त्याच घरासाठी ३० टक्के राख असलेले सिमेंट वापरल्यास हे प्रमाण सु. ५ टनांनी कमी होते. भाजक्या विटांसाठी जमिनीच्या वरच्या थरातील माती काढली जाते. नदीतील वाळूचा थर पुराचे पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना झरे पुरवितो. तो खरवडला गेला की विहिरींची पातळी खालावते.

पारोळा परिसर : पारोळा तालुक्यातून बोरी नदी वाहते आणि तीवर तामसवाडी येथे धरण आहे. पुढे ती अमळनेरवरून जाऊन तापीस मिळते. पूर्वेकडे गिरणेचे खोरे आहे. पर्जन्यमान बेताचे व उन्हाळा कडक असल्यामुळे बांधकामास लागणारे पाणी आणि पिण्याचे पाणी अनेकदा एकाच विहिरीतून किंवा कूपनलिकेतून येते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाया नीट न घेतल्यास भिंतींना तडे जातात. तडे गेलेले घर लवकर पाडावे लागणे हाही साहित्याचा अपव्ययच होय.

येथील जुन्या वास्तू अभ्यासकास उपयुक्त आहेत. पारोळ्याचा भुईकोट किल्ला इ. स. १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, असे मानले जाते. खानदेशातील धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती असून लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असते. अशा भिंती दिवसाची उष्णता उशिरा आत सोडतात. घर मोडल्यावर तुळया, दारे व दगड पुन्हा वापरता येतात, तर माती मातीतच मिसळते. मात्र पावसाळ्यापूर्वी धाब्याची डागडुजी दरवर्षी करावी लागते. ती करणारे हात कमी झाल्याने ही पद्धत मागे पडत गेली. दुसरीकडे भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख या भागास जवळच उपलब्ध होते. केंद्र शासनाच्या १९९९ च्या अधिसूचनेने अशा केंद्रांच्या ५० किमी. परिसरातील बांधकामांत राखेचा वापर बंधनकारक केला. ही कक्षा २००३ मध्ये १०० किमी. आणि २०१६ मध्ये ३०० किमी. झाली.

कायद्याची कक्षा : २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौ.मी. किंवा त्याहून अधिक बांधकाम-क्षेत्र असलेल्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. बांधकामाच्या राडारोड्याविषयी २०१६ मध्ये स्वतंत्र नियम झाले व २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित करण्यात आले. त्यांतीलही प्रमुख जबाबदाऱ्या मोठ्या प्रकल्पांवरच आहेत. पारोळ्यासारख्या गावातील घरे, दुकाने व शाळांच्या खोल्या या मर्यादेच्या फार खाली राहतात. तेथे पूर्वपरवानगीची अट नसते आणि पर्यावरण-सल्लागारही नसतो. वाळू किती, पाणी किती व राडारोडा कोठे, हे गवंडी, मुकादम आणि देखरेख करणारा तरुण अभियंता हेच ठरवितात. म्हणून लहान गावांच्या बाबतीत उमेदवारी हेच पर्यावरण-रक्षणाचे मुख्य साधन ठरते.

उमेदवाराचे शिक्षण : वर्गात पर्यावरण हा एक स्वतंत्र विषय असतो, बांधकामावर मात्र तो मोजमापातून शिकावा लागतो. उदा., विटांचे बांधकाम ओळंब्यात नसल्यास गिलावा जाड करावा लागतो. १०० चौ.मी. भिंतीवर १२ मिमी.ऐवजी २० मिमी. गिलावा झाला, तर ०.८ घ.मी. मसाला वाया जातो. हा हिशेब ज्याने एकदा मांडला तो ओळंबा सोडत नाही. नदीच्या वाळूऐवजी दगड दळून केलेली वाळू आणि जुन्या काँक्रीटची खडी यांस भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने ठराविक प्रमाणात मान्यता दिली आहे. मात्र अशा मालाची चाळणी व त्यातील बारीक भुकटी यांची चाचणी आवश्यक असते आणि ती उमेदवार करू शकतो. आलेली व वापरलेली पोती, टँकरच्या फेऱ्या, सळईचे उरलेले तुकडे आणि बाहेर टाकलेला राडारोडा यांची रोजची नोंद हीही त्याच्या आवाक्यातील कामे होत.

मोजमापाने अडचणीही उघड होतात. राखमिश्रित सिमेंट वायूचे उत्सर्जन कमी करते, परंतु त्यास बळकटी हळूहळू येते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटच्या किंवा उष्ण व कोरड्या हवेतील काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी ठेवावे लागते. ४.५ मी.पर्यंतच्या स्लॅबखालील टेकू काढण्याची ७ दिवसांची मुदतही साध्या सिमेंटसाठी आहे. हवेतील वायू वाचविताना विहिरीतील पाणी अधिक खर्ची पडण्याचा धोका येथे संभवतो. ओले गोणपाट अंथरणे, स्लॅबवर मसाल्याचे वाफे करून पाणी अडविणे आणि शक्यतो उन्हाळ्याचे ऐन महिने टाळणे हे त्यावरील उपाय होत. पाणी वाचविण्यासाठी ही मुदत कमी करणे हा उपाय नव्हे. कारण त्यामुळे स्लॅब कमकुवत होतो.

मर्यादा : उमेदवार हा बांधकामावरील सर्वांत कनिष्ठ माणूस असतो. टेकू लवकर काढून दुसऱ्या जागी नेण्याची ठेकेदाराची घाई त्याला रोखता येत नाही. त्याच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन हजेरी व दैनंदिनीवरील सही एवढ्यापुरतेच राहिले, तर तो ती घाई हीच व्यवसायाची रीत समजून शिकतो. याउलट साहित्य व पाणी यांचा ताळेबंद हा दैनंदिनीचा गुणांकित भाग केल्यास आणि भेटीस येणाऱ्या अध्यापकाने तो जागेवर पडताळून पाहिल्यास, मोजण्याचा अधिकार उमेदवारास आपोआप मिळतो. ताळेबंदामुळे ठेकेदाराची बचतही दिसून येते. अशी सवय लागलेला अभियंता पुढे स्वतंत्रपणे काम पाहू लागतो, तेव्हा बोरी व गिरणेच्या काठावरील वाळू आणि विहिरी यांचा हिशेब त्याच्या अंदाजपत्रकातच येतो.