कासच्या पठारावर कोणते भिंग न्यावे?

श्रावण सरून भाद्रपद लागला की साताऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर पसरलेल्या कासच्या पठारावर, जांभ्या कातळावरील जेमतेम मातीच्या थरातून तेरडा, गेंद, कवला, सीतेची आसवे, दवबिंदू अशा चिमुकल्या वनस्पती उमलून येतात, आणि त्यांच्या ओढीने हौशी छायाचित्रकारांचे थवे घाट चढू लागतात. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा अंतर्भाव झाल्यापासून ही वर्दळ वाढतच गेली आहे. या मंडळींपैकी पुष्कळांच्या खांद्यावर असते ते मात्र दूरच्या पक्ष्यांसाठी घडविलेले लांबलचक भिंग, आणि समोर असते ते नखाएवढे फूल! कोणते भिंग सर्वोत्तम, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या वस्तूसाठी, कोणत्या प्रकाशात आणि किती अंतरावरून, हे आधी निश्चित केल्याखेरीज त्याला उत्तर संभवत नाही. कारण भिंगाचा प्रत्येक गुण दुसऱ्या कोणत्या तरी गुणाच्या मोबदल्यातच पदरात पडतो, आणि ही देवघेव प्रकाशशास्त्राच्या नियमांनी ठरलेली असल्यामुळे तीत कोणत्याही कारखानदाराला सूट मिळत नाही.

दूरवेधी भिंगाचेच उदाहरण घेऊ. भिंगावर कोरलेला एफ-अंक म्हणजे नाभीय अंतराला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. तेव्हा ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ २.८ इतकी प्रकाशग्राहकता द्यावयाची, तर त्याच्या मुखाचा व्यास किमान १४३ मिलिमीटर असावाच लागतो. आणि एवढ्या रुंदीची निर्दोष काच घासून, तिच्या जोडीला इतर काचा बसवून जे यंत्र तयार होते, त्याचे वजन तीन किलोंच्या घरात जाते. त्याच नाभीय अंतराचे एफ ५.६ चे भिंग घेतले तर व्यास निम्मा, म्हणजे ७१ मिलिमीटर होतो, वजन आणि किंमत पुष्कळच उतरतात, परंतु आत येणारा प्रकाशही चतुर्थांशच उरतो. पहाटेच्या जंगलात हा चौपट प्रकाश मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र भरदुपारच्या उघड्या पठारावर त्यासाठी एवढा भार वाहणे मला अनाठायी वाटते.

लहान फुलांसाठी तजवीज करावयाची ती मॅक्रो भिंगाची, म्हणजे वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराएवढी संवेदकावर उमटविणाऱ्या भिंगाची. येथे ५० मिलिमीटरचे स्वस्त भिंग घ्यावे की १०० मिलिमीटरचे महाग, असा पेच पडतो, आणि वरवर पाहता दोन्ही प्रतिमा सारख्याच मोठ्या येत असल्याने पहिले घेणे शहाणपणाचे भासते. परंतु साध्या भिंगाच्या गणितानुसार सममापी प्रतिमेसाठी वस्तू आणि संवेदक यांतील अंतर नाभीय अंतराच्या चौपट असावे लागते. म्हणजे पहिल्यासाठी २० सेंटिमीटर आणि दुसऱ्यासाठी ४०. आधुनिक भिंगांच्या अंतर्गत रचनेमुळे हे आकडे काहीसे घटतात, पण तारतम्य तेच राहते. शिवाय या अंतरातून कॅमेऱ्याची आणि भिंगाची लांबी वजा केली की छोट्या भिंगाच्या वाट्याला चार बोटांचीच जागा उरते. छायाचित्रकाराची सावली फुलावर पडते, मधमाशी उडून जाते आणि, सर्वांत शोचनीय म्हणजे, पायवाट सोडून पुढे सरकण्याचा मोह होतो. पठारावर वाट सोडून टाकलेले एक पाऊल पुढील वर्षी उगवणारी कितीतरी रोपे चिरडून टाकते. जे भिंग पाय वाटेवर ठेवूनही फुलापाशी पोहोचविते, ते अधिक पैसे मोजूनही घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सान्निध्याची आणखीही एक किंमत असते. सममापी प्रतिमेत, मध्यम आकाराच्या संवेदकावर एफ ८ इतके छिद्र ठेवले, तरी सुस्पष्टतेची खोली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. दवबिंदूच्या पानावरील एक चिकट थेंब स्पष्ट आला की त्यात अडकलेल्या कीटकाचा पंख धूसर होतो. मग छिद्र आणखी लहान करावे, असे कोणालाही सुचेल. तेथे विवर्तन आडवे येते. अरुंद छिद्रातून जाणारा प्रकाश पसरतो, आणि बिंदूच्या जागी एक तबकडी उमटते. १८३५ साली जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज ज्योतिर्विदाने तिचे गणित मांडले. हिरव्या प्रकाशासाठी एफ १६ ला या तबकडीचा व्यास सुमारे २१ मायक्रोमीटर भरतो, तर २४ मेगापिक्सेलच्या मध्यम संवेदकावरील एकेक घटक असतो अवघा ४ मायक्रोमीटर रुंद. त्यातही सममापी प्रतिमेच्या वेळी भिंग संवेदकापासून दूर सरकल्यामुळे परिणामी अंक दुप्पट होतो, म्हणजे कॅमेऱ्यावर एफ ८ दिसत असता प्रत्यक्षात एफ १६ चाच अंमल चालू असतो. अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा विकत घेऊन ही मर्यादा ओलांडता येत नाही. निरनिराळ्या खोलीवर टिपलेल्या अनेक प्रतिमा संगणकावर जोडण्याचा मार्ग आहे खरा, पण पठारावरील वारा फुलाला तेवढी उसंत देत नाही. म्हणून एफ ८ ते ११ च्या दरम्यान थांबून पानाच्या प्रतलाशी संवेदक समांतर धरणे हाच व्यवहार्य तोडगा होय. कॅमेऱ्याला आधार म्हणून उंच ट्रायपॉडपेक्षा तांदूळ भरलेली कापडी पिशवी उघड्या कातळावर ठेवलेली बरी.

काचेच्या प्रत्येक अनावृत पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. सुट्या दहा काचांच्या भिंगात असे वीस पृष्ठभाग असल्याने, उपाय न केल्यास निम्म्याहून कमी प्रकाशच पार होईल आणि उरलेल्यातील काही भाग आतल्या आत भटकून चित्र फिकट करील. १९३५ साली त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काढलेल्या अतिसूक्ष्म लेपाच्या युक्तीने हा दोष हटला, आणि आजची बहुकाचांची झूम भिंगे शक्य झाली ती त्यामुळेच. अशा भिंगावर केवळ संरक्षणासाठी हलक्या प्रतीची काच चढविणे म्हणजे दोन सदोष पृष्ठभाग आपण होऊन वाढविणे. मात्र ध्रुवण करणारा फिल्टर अवश्य जवळ असावा. पावसाने भिजलेल्या पानावर आकाशाची पांढुरकी चकाकी पसरलेली असते आणि तिच्याखाली हिरवा रंग दडून जातो. पाण्याच्या पृष्ठावर लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित असल्याने, हा फिल्टर योग्य दिशेस फिरविताच ती चकाकी विरते आणि रंग उघडा पडतो. नंतर संगणकावर कितीही खटाटोप केला तरी चकाकीखाली बुजलेला हा तपशील परत मिळत नाही. त्याचा मोबदला म्हणून निम्मा किंवा त्याहून अधिक प्रकाश गमवावा लागतो, तो मी आनंदाने गमवीन.

विस्तीर्ण गालिच्याचे दृश्य टिपण्यासाठी कॅमेऱ्यासोबत मिळालेले साधे झूम भिंग पुरेसे आहे.

खरी तरतूद करावी लागते ती परतल्यानंतर. सह्याद्रीच्या पावसाळी हवेत आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहते, आणि अशा हवेत कापडी किंवा चामडी पिशवीत बंद करून ठेवलेल्या भिंगाच्या आत बुरशीचे तंतू वाढतात. त्यांतून स्रवणारी आम्ले लेप कायमचा खरवडून टाकतात. भिंग प्रथम कोरड्या हवेत वाळू द्यावे, मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे, आणि डब्यात एक स्वस्तसा आर्द्रतामापक टाकून काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहील असे पाहावे. जेलचे निळे कण गुलाबी पडले की ते, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात, मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावे आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात परत घालावे.