वाजीरच्या बाजारातून उभी राहिलेली शांतता

केनियाच्या ईशान्येला, सोमालियाच्या सीमेला लागून वाजीर नावाचा परगणा, म्हणजे पूर्वीचा जिल्हा, आहे. सुमारे 56 हजार चौरस किलोमीटरचा हा रखरखीत मुलूख. वस्ती मुख्यतः सोमाली भाषा बोलणाऱ्या मुस्लिम पशुपालकांची. उंट, गाई, शेळ्यामेंढ्या ही इथली संपत्ती, आणि पाणी नि चारा ही भांडणाची जुनी कारणं. 1992 ते 1995 या काळात देगोदिया, अजुरान आणि ओगादेन या कुळांमध्ये इथे जो संघर्ष पेटला, त्यात सुमारे 1200 माणसं मारली गेली. हा वणवा विझवण्याचं काम राजधानी नैरोबीतून कुणी येऊन सुरू केलं नाही. ते सुरू केलं वाजीर शहरातल्या काही बायकांनी, आणि तेही बाजारातून. पुढे याच कामाचा नमुना केनियाच्या सरकारने देशभर वापरला.

मोठे शांतता करार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात आणि त्यातले कितीतरी काही महिन्यांत मोडतात. वाजीरमधला समेट टिकला, कारण तो रोज कुणीतरी सांभाळत होतं आणि सांभाळणाऱ्यांत आजवर बाहेर ठेवलेली माणसंही होती. या प्रयत्नाच्या मर्यादाही तिथेच दिसतात, जिथे काही माणसं पुन्हा बाहेर राहिली.

पेटण्याआधीची तीस वर्षं

केनिया 1963 साली स्वतंत्र झाला, तेव्हा या सीमाभागातल्या सोमाली लोकांपैकी बहुसंख्यांना सोमालियात सामील व्हायचं होतं. ते झालं नाही. बंड उभं राहिलं, 1967 पर्यंत लढाई चालली आणि या प्रांतावर लादलेली आणीबाणी जवळजवळ तीन दशकं उठली नाही. इथल्या माणसाला सरकार भेटायचं ते बहुधा गणवेशात.

फेब्रुवारी 1984 मध्ये शस्त्रं जप्त करण्याच्या नावाखाली लष्कराने देगोदिया कुळातल्या पुरुषांना वगाला इथल्या धावपट्टीवर गोळा केलं. त्यांना काही दिवस अन्नपाण्याविना उन्हात ठेवण्यात आलं आणि नंतर गोळीबार झाला. सरकारने दीर्घकाळ 57 मृत्यूच मान्य केले. स्थानिक लोक सांगतात तो आकडा हजारोंत आहे. वाजीरमध्ये क्षयरुग्णांसाठी काम करणाऱ्या इटालियन कार्यकर्त्या अनालेना तोनेल्ली यांनी जखमींना वाचवलं, मृतांची माहिती बाहेर पोचवली, आणि त्यांना वाजीर सोडावं लागलं. ज्या शासनाने ही कत्तल केली, त्याच शासनाकडे कुळाकुळांतला तंटा न्यायला कोण धजावणार?

मग 1991 उजाडलं. सोमालियात सियाद बारे यांची सत्ता कोसळली. सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढे आले आणि त्यांच्याबरोबर स्वस्त बंदुका आल्या. त्यातच दुष्काळ पडला, जनावरं पटापट मेली. 1992 च्या अखेरीस बहुपक्षीय निवडणूक झाली आणि अजुरानांना आपली वाटणारी जागा देगोदियाच्या उमेदवाराने जिंकली. पूर्वी पाण्यावरून लाठ्याकाठ्यांची भांडणं होत. आता तीच भांडणं स्वयंचलित बंदुकांनी होऊ लागली आणि त्यात बायकामुलंही मरू लागली.

आधी बाजार

देखा इब्राहिम अब्दी यांचा जन्म 1964 साली वाजीरमध्येच झाला. पेशाने त्या शिक्षिका. एका रात्री बाहेर गोळीबार चालू असताना त्या आपल्या लेकीला घेऊन पलंगाखाली लपल्या. तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं, की साठच्या दशकातल्या लढाईत मीही तुला घेऊन अशीच पलंगाखाली लपले होते. आपल्या लेकीवरही उद्या तीच पाळी येणार का, या प्रश्नाने देखांना स्वस्थ बसू दिलं नाही.

जून 1993 मध्ये एका लग्नात निरनिराळ्या कुळांतल्या बायका एकत्र आल्या. तिथे देखा, फातुमा शेख अब्दुलकादिर आणि त्यांच्या मैत्रिणींनी विषय काढला. त्यातून वाजीरच्या स्त्रियांची शांतता संघटना उभी राहिली. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते बाजारात. वाजीरच्या बाजारात दूध, भाजी, किराणा विकणाऱ्या बहुतेक बायकाच. एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या गिऱ्हाइकाला माल देईना आणि परक्या कुळाच्या बाईला बाजारात बसू देईना, इथवर वेळ आली होती. संघटनेने ठरवलं, की बाजार सर्वांना खुला राहील. कुणीही कुणाकडून घ्यावं, कुणीही कुणाला विकावं. त्यावर लक्ष ठेवायला बाजारातल्याच बायकांची समिती नेमली. कुठे अडवणूक झाली, शिवीगाळ झाली, की ती गोष्ट समितीकडे यायची आणि तिथल्या तिथे मिटवली जायची.

या निवडीत मोठं शहाणपण होतं. बाजार हे बायकांच्या हुकमतीतलं ठिकाण होतं, त्यामुळे कुणाची परवानगी मागायची गरज नव्हती. बाजार बंद पडला तर प्रत्येक घरातली चूल अडते, म्हणून तो चालू राहण्यात प्रत्येक कुळाचा स्वार्थ होता. आणि बाजारातली समिती चालली, तेव्हा या बायका बोलतात ते करून दाखवतात, हे गावाला दिसलं. पुढच्या बैठकीत त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, त्यामागे हे भांडवल होतं.

सर्वांत लहान कुळाचा ज्येष्ठ

सोमाली समाजात तंटा मिटवण्याचा अधिकार ज्येष्ठ पुरुषांचा. त्यांच्या रूढीच्या कायद्याला ‘हीर’ म्हणतात. खून झाला, तर मारणाऱ्याच्या सगळ्या भावकीने मिळून मृताच्या भावकीला उंट द्यायचे. ही भरपाई म्हणजे ‘दिया’. दंड सगळ्यांनी भरायचा, म्हणून आपल्या तरुणांना आवरण्यात सगळ्यांचंच हित. ही व्यवस्था जुनी आणि समंजस होती, पण लढणाऱ्या कुळांचे ज्येष्ठ समोरासमोर बसायलाच तयार नव्हते.

बायका आणि शहरातले सुशिक्षित तरुण ज्येष्ठांकडे गेले. आपली परंपरा मोडीत काढा, असं त्यांनी म्हटलं नाही. तुमचं काम तुम्ही हाती घ्या, असं म्हटलं. अध्यक्षपद कोणत्याही मोठ्या कुळाकडे गेलं असतं, तर दुसरं उठून गेलं असतं. म्हणून बोलणी पुढे नेण्यासाठी सर्वांत लहान कुळांपैकी एकाचा ज्येष्ठ पुढे केला गेला. ज्याच्याकडे ना माणसांचं बळ ना मतांचं, त्याच्यापासून कुणालाच धोका नव्हता. एरवी दुबळेपणा ठरणारी गोष्ट इथे पात्रता ठरली. 29 सप्टेंबर 1993 रोजी ज्येष्ठांनी अल-फतह जाहीरनामा मान्य केला. कुळांनी पुढे एकमेकांशी कसं वागायचं, तंटा उभा राहिला तर तो कसा सोडवायचा, याचे नियम त्यात होते.

कागदावर नियम आले, पण बंदुका रानात होत्या. तरुणांचा गट लढणाऱ्या पोरांना जाऊन भेटला. तुम्हाला काय हवं, या प्रश्नाला उत्तर आलं ते रोजगाराचं. मग शहरातल्या व्यापाऱ्यांनाही कामात ओढण्यात आलं. मौलवींना जोडून घेतलं. प्रत्येक टप्प्यावर हेच विचारलं जात होतं, की अजून कोण बाहेर राहिलं आहे?

सरकारी फाइलीत शांतता

1995 साली हे सगळे गट ‘वाजीर शांतता आणि विकास समिती’त एकत्र आले. ही समिती जिल्ह्याच्या विकास समितीला जोडली गेली आणि तिचं अध्यक्षपद जिल्हा आयुक्ताकडे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याच्या तोलाच्या अधिकाऱ्याकडे आलं. वगालाच्या आठवणी ताज्या असलेल्या समाजाने सरकारी अधिकाऱ्याला आपल्या समितीत घ्यावं, ही सोपी गोष्ट नव्हती. पण पोलीस, वाहनं आणि बिनतारी यंत्रणा सरकारकडे होती, तर कोणत्या विहिरीवर कुरबूर चालली आहे ही खबर लोकांकडे होती. दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम भागणार नव्हतं.

त्यातून शीघ्र पथक तयार झालं. गुरं पळवली, कुणावर गोळी झाडली, अशी बातमी आली की ज्येष्ठ, धर्मगुरू, स्त्रिया आणि सुरक्षा अधिकारी मिळून त्या ठिकाणी जायचे. सूड उगवायला माणसं जमण्याआधी तिथे पोचायचं, गुरं परत मिळवायची, दियाची बोलणी सुरू करून द्यायची, हे त्यांचं काम.

याच नमुन्यावर उत्तर केनियात इतरत्र समित्या उभ्या राहिल्या. 2007 च्या निवडणुकीनंतर केनियाभर उसळलेल्या हिंसाचारात 1100 हून अधिक लोक मारले गेले. तेव्हा देखा नैरोबीत होत्या. निवृत्त लष्करी अधिकारी लाझारो सुंबेइवो आणि डॅनियल ओपांडे, मुत्सद्दी बेथुएल किपलागात आणि कार्यकर्ते जॉर्ज वाचिरा यांच्याबरोबर त्यांनी नागरिकांचा शांतता मंच उभारला. 2008 च्या राष्ट्रीय समझोत्यानंतर जिल्हा शांतता समित्या देशभर नेण्यात आल्या. त्याआधी 2007 मध्ये देखांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला होता. जुलै 2011 मध्ये मोटार अपघातानंतर त्यांचं निधन झालं. वय अवघं 47.

शंभर उंट आणि पन्नास उंट

वाजीरची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. 2001 साली ईशान्य केनियातल्या ज्येष्ठांनी आणि प्रशासनाने मिळून मोदोगाशे जाहीरनामा केला. गुरांची चोरी, चराईचे हक्क, बेकायदा शस्त्रं यांबद्दल त्यात स्पष्ट नियम होते. खुनाची भरपाईही ठरली. पुरुष मारला गेला तर शंभर उंट, स्त्री मारली गेली तर पन्नास.

ज्या शांततेचा पाया बायकांनी घातला, तिच्या दस्तऐवजात बाईच्या जिवाचं मोल निम्मं लिहिलं गेलं. स्थानिक परंपरेचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने या आकड्यांपाशी थांबून विचार करायला हवा. स्थानिक म्हणजे आपोआप न्याय्य नव्हे. जुन्या रूढीला अधिकृत मान्यता देताना त्यातला अन्यायही अधिकृत होतो, आणि सामूहिक भरपाईत प्रत्यक्ष खुनी अनेकदा सहीसलामत सुटतो.

बाकीचे तडे वेगळ्या दिशेने गेले. 1998 मध्ये बगाला इथे बाहेरून आलेल्या हल्लेखोरांनी शंभराहून अधिक देगोदियांना ठार मारलं. जिल्ह्याची समिती जिल्ह्यापुरतीच. सीमेपलीकडे तिचा हात पोचत नव्हता. 2013 नंतर सत्ता नव्या परगणा सरकारांकडे आली, त्यांच्याकडे मोठा निधी आला आणि निवडणुकीतली चुरस वाढली. 2014 मध्ये देगोदिया आणि गरे या कुळांत वाजीर व शेजारच्या मांडेरात पुन्हा रक्तपात झाला, हजारो लोक घरं सोडून गेले. निवडणुकीआधीच ज्येष्ठांनी कुळांमध्ये पदं वाटून घेण्याची पद्धतही या भागात रुळली. त्याने मारामाऱ्या टळतात, पण वाटणीच्या बैठकीत बायका, तरुण आणि लहान कुळं यांना क्वचितच जागा मिळते. ज्या तीन घटकांच्या बळावर 1993 ची बोलणी सुरू होऊ शकली, तेच आता पुन्हा दाराबाहेर आहेत.

म्हणून वाजीरकडे पाहताना मला समितीच्या आराखड्यापेक्षा तिच्या बैठकीत बसलेली माणसं महत्त्वाची वाटतात. आराखडा सरकारी परिपत्रकाने देशभर पोचवता येतो. पण दूध विकणाऱ्या बाईच्या तक्रारीची तिथल्या तिथे दखल घेणं, सर्वांत लहान कुळाच्या माणसाला मधल्या खुर्चीत बसवणं, बंदूक धरलेल्या पोराला कामाबद्दल विचारणं, हे परिपत्रकाने होत नाही. ते दर पिढीने नव्याने करावं लागतं. समेटाचं यश मोजायचं असेल तर किती सह्या झाल्या हे बघू नये. सही करायला कोणाला बोलावलंच नव्हतं, हे आधी विचारावं. वाजीरमध्ये पुढचा तंटा बहुतेकदा याच प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहिला आहे, आणि समेटाची वाटही तिथूनच निघाली आहे.