धार कुठे अडली?

उन्हाळी सुट्टीत बेंगळुरूच्या घरी गेलो, तर आई आजीसाठी बादलीने पाणी वाहत होती. नळांना धार नव्हती आणि बाबा पोस्टिंगवर. प्लंबर म्हणाला, "प्रेशर पंप बसवा." मी आईला म्हटले, "एक दिवस थांब, आधी बघतो."

पहिला प्रश्न: एकच नळ की सगळे? एकच असेल, तर दोष त्याच्या जाळीत. फक्त गरम पाणी कमी येत असेल, तर गीझरच्या वाटेवर. आमचे सगळेच नळ मंद होते.

दुसरा प्रश्न उंचीचा. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असली, की दाब सुमारे एक बार. आमची टाकी नळांपेक्षा सहा मीटर वर, म्हणजे 0.6 बार. बादली भरायला तेवढा पुरतो. मग अडथळा वाटेतच हवा.

तिसरा प्रश्न गाळाचा. बाटलीत पाणी रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी रेती. कावेरीचे पाणी शहरात सुमारे 100 किलोमीटरवरून पंपाने चढवतात. ते कमी पडले, की आमच्याकडे बोअरचे पाणी टाकीत येते, आणि त्यासोबत रेती. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र विरघळलेले असतात; ते गाळणीत अडकत नाहीत, गीझरमध्ये पांढरा थर धरतात.

टाकीखालचा कॉक बंद करून गाळणी उघडली. रेतीने गच्च! ती धुतली, टाकी साफ केली आणि धार परतली.

मित्रांनो, पंप बसवला असता तरी रेती तिथेच राहिली असती. निघताना आईला गाळणी उघडायला शिकवली. परवा फोनवर म्हणाली, "या रविवारी मीच धुतली."