सामाजिक जबाबदारीचे केंद्र, पण पैसा कोणाचा?

कंपनीने नफा कमवावा, कर भरावा आणि मोकळे व्हावे, की ज्या समाजात ती धंदा करते त्याचेही ती काही देणे लागते? या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी जगातील अनेक विद्यापीठांनी स्वतंत्र केंद्रे उघडली आहेत. कामगारांना काय मजुरी मिळते, कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते, कच्चा माल पुरविणाऱ्यांकडे लहान मुले राबतात काय, कंपनीच्या अहवालातील दावे कितपत खरे आहेत, हे तेथे तपासले जाते. उद्याच्या व्यवस्थापकांना हा विषय शिकविलाही जातो.

परंतु अशा केंद्राचा खर्च कोणी करायचा? इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

तंबाखूचे ३८ लाख पौंड

डिसेंबर २००० मध्ये या विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय उद्योग सामाजिक जबाबदारी केंद्र काढण्यासाठी ३८ लाख पौंडांची देणगी स्वीकारली. देणगीदार होती ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, म्हणजे सिगारेट बनविणारी कंपनी. आपल्याकडील आयटीसी कंपनीची सर्वांत मोठी भागधारक तीच.

लगेच टीकेची झोड उठली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे संपादक रिचर्ड स्मिथ हे या विद्यापीठात वैद्यकीय पत्रकारितेचे मानद प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या वाचकांचाच कौल घेतला. १०७५ जणांनी मत दिले. त्यांपैकी ८४ टक्के वाचक म्हणाले, विद्यापीठाने पैसे परत करावेत. ते परत केले नाहीत तर स्मिथ यांनी पद सोडावे, असे ५४ टक्क्यांचे मत पडले. विद्यापीठाने पैसे परत केले नाहीत. २००१ मध्ये स्मिथ यांनी राजीनामा दिला. कर्करोगावर काम करणारा संशोधकांचा एक गटही विद्यापीठ सोडून लंडनला गेला.

तंबाखूचा व्यवसाय कायदेशीर आहे आणि केंद्राच्या कामात कंपनी ढवळाढवळ करणार नाही, अशी विद्यापीठाची बाजू होती. विरोधकांचे म्हणणे वेगळे होते. कंपनीला संशोधनाचे निष्कर्ष विकत घ्यायचेच नसतात, तिला हवे असते विद्यापीठाचे नाव. जबाबदारीच्या केंद्राशी नाव जोडले गेले की मालाविषयीचे प्रश्न आपोआप मागे पडतात.

काम झाले, प्रश्न उरला

केंद्राने काम केले नाही असे मात्र नाही. त्याचे संचालक जेरेमी मून यांनी डर्क मॅटन यांच्यासह २००८ मध्ये लिहिलेला लेख या विषयात आजही आधारभूत मानला जातो. अमेरिकेत कंपन्या आपली जबाबदारी उघडपणे जाहीर करतात. युरोपात तेच काम बऱ्याच अंशी कायदे, कामगार संघटना आणि रूढ संस्था करून घेतात, असे त्यांनी दाखविले. तरीही पैशाचा प्रश्न मिटला नाही. २००४ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांची संघटना आणि तेथील कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तंबाखूच्या पैशाविषयी एक संयुक्त संहिताच तयार केली.

आपल्याकडे

भारताने तिसरा मार्ग धरला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही अट लागू होणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयाचे असतात. त्याआधी २०११ मध्येच सरकारी कंपन्यांच्या मार्गदर्शनासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत राष्ट्रीय केंद्र सुरू झाले होते.

कायद्याने २ टक्क्यांचा हिशेब मागितला. नॉटिंगहॅमचा वाद उरलेल्या ९८ टक्क्यांकडे बोट दाखवितो. नफा कसा खर्च झाला याबरोबर तो कसा कमावला गेला, हेही विचारले पाहिजे. एखाद्या कंपनीचा चकचकीत अहवाल हाती आला तर तीन गोष्टी पाहाव्यात: तिच्या मूळ मालाने कोणाचे नुकसान होते काय, कामगार आणि पुरवठादार यांचे पैसे वेळेवर दिले जातात काय, आणि अहवाल तपासणाऱ्याला पैसे कोण देतो. लहान दुकानदाराला हा कायदा लागू नाही. पण पहिले दोन प्रश्न त्यालाही लागू आहेतच.