गाडीचा ताप

घरात कोणाला ताप आला की आपण घाबरतो, आणि तो उतरला की देवापुढे साखर ठेवतो. मोटारगाडीचा हिशेब मात्र थोडा निराळा आहे. तिला ताप हा असावाच लागतो. फक्त तो बेताचा असावा. इंजिनात फिरणारे पाणी ८५ ते ९५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास राहिले म्हणजे गाडीची प्रकृती ठणठणीत समजावयाची. ते १२० कडे गेले तर धोका, हे सारेच जाणतात. परंतु ते ५०-६० वर रेंगाळत राहिले तरीही धोकाच, ही गोष्ट पुष्कळ गाडीवाल्यांच्या गावीही नसते.

हे तपमान राखण्याचे काम जी वस्तू करते तिचे नाव थर्मोस्टॅट. आकाराने बेसनाच्या लाडवाएवढी. तिला ना तार, ना वीज. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर ती देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी बसलेली असते. तिच्या पोटात एक धातूची डबी असते, आणि डबीत चक्क मेण! गाडी थंड असते तोवर दार बंद. पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेल्या अंशाला मेण वितळून फुगते, आतली दांडी रेटते, आणि दार उघडून गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जाते. पाणी निवले की मेण आकसते आणि स्प्रिंग दार पुन्हा ओढून घेते. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने काढली. त्याआधी भात्यासारखी घडी असलेली डबी वापरीत. पण पाण्याचा दाब वाढला की तो भाता गोंधळात पडे. मेणाला दाबाची फारशी पर्वा नसते. म्हणून आजही लाखो गाड्यांत तेच मेण इमानेइतबारे वितळते आणि गोठते आहे.

हा पहारेकरी बिघडतो तो दोन तऱ्हांनी. दार उघडेच राहते, किंवा उघडतच नाही. दुसऱ्या तऱ्हेचा अनुभव आम्ही २००९ साली घेतला.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००. गणपतीला आठ दिवस उरले होते, आणि यंदा कोकणात गावच्या घरी आईला घेऊन जायचेच असे ठरले होते. आईचे वय अठ्ठ्याऐंशी. "या खेपेला मूर्तीची प्रतिष्ठापना डोळ्यांनी पाहू द्या रे," एवढेच तिचे मागणे. त्या रविवारी वाईला एका लग्नाला निघालो असता खंबाटकी घाट चढताना उष्णतेचा काटा मधली रेघ ओलांडून तांबड्या खुणेकडे सरकू लागला. मी वातानुकूलन बंद केले आणि हीटर पुरा उघडला. भर दुपारी हीटर! "अहो, आम्हांला भाजायचा विचार आहे की काय?" असे मागून विचारणा झाली. पण हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच असतो. इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. तेवढ्याने काटा जरासा मागे आला, आणि मोकळी जागा पाहून मी गाडी बाजूला घेऊ शकलो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अशा वेळी रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. ते प्रेशर कुकरसारखे असते. दाबाखाली असल्यामुळे आतले पाणी शंभराच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र एकदम उसळून तोंडावर येते. शिटी न काढता कोणती गृहिणी कुकर उघडील? आम्ही तासभर झाडाखाली बसलो, शेंगदाणे खाल्ले, आणि मगच हळूहळू पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तेथल्या गृहस्थांनी बॉनेट उघडून जेमतेम डोकावले आणि निदान केले, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. दहा दिवस लागतील, आणि खर्च पंधरा हजारांच्या घरात." म्हणजे गणपती हुकला, आणि पंधरा हजारही गेले! गाडी तशीच घरी आणली. हेड गॅस्केट जाते तेव्हा ते काही खुणा ठेवून जाते. मागून पांढरा धूर येत राहतो, इंजिन ऑइल दुधाळ होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. आमच्या गाडीत यांतले एकही लक्षण नव्हते. पाण्याची पातळी ठीक, पंप फिरवणारा पट्टा ताठ, आणि पंख्याची मोटर बॅटरीला जोडून पाहिली तर तीही फिरत होती.

आमच्या आळीत एक वयोवृद्ध मिस्त्री राहत. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सींखाली आडवे पडून काढलेली. (या काळ्यापिवळ्या पद्मिनींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला.) त्यांनी थंड गाडी सुरू करायला लावली आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवून नाडीपरीक्षा सुरू केली. प्रकृती चांगली असेल तर ही नळी प्रथम थंड राहते, आणि दार उघडताच चटकन गरम होते. दार कायमचे उघडे असेल तर नळी पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाते. आमच्याकडे काटा वर चढला तरी नळी आपली कोमटच! "साहेब, थर्मोस्टॅट," मिस्त्री म्हणाले, "काढून फेकून द्या. टॅक्सीला आम्ही कधी ठेवलाच नाही."

निदान मला पटले. उपचार पटला नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

इंजिन पुरते निवल्यावर पाणी काढले, दोन बोल्ट सोडले आणि थर्मोस्टॅट हातात आला. आता त्याची परीक्षा. दोऱ्याला बांधून तो पाण्याच्या पातेल्यात असा सोडावा की बुडाला टेकणार नाही. शेजारी उष्णतामापक. हे घरातले ताप बघायचे चालत नाही. त्याची धाव ४२ अंशांपर्यंतच. आम्ही शेजारच्या मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतले आणले. पातेले मात्र जुने, अडगळीतले घ्यावे, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

आमच्या थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. म्हणजे त्या अंशाला दार किलकिले व्हावयाचे, आणि १२-१५ अंश पुढे गेल्यावर सताड. पाणी ८२ ला गेले, दार ढिम्म. ९० ला कागद सरकेल एवढी फट. पुण्यात पाणी उकळते ते सुमारे ९८ अंशांना. ते खळखळून उकळू लागले तरी फट तेवढीच! मिस्त्री, मी आणि शेजारचा मुलगा, तिघेही पातेल्यावर वाकून पाहत होतो. नवा थर्मोस्टॅट तीनशे रुपयांच्या आत मिळाला. तोही आधी पातेल्यात सोडला, आणि त्याने कसे टुणकन दार उघडले! नवी वस्तूही तपासल्याखेरीज बसवू नये, असे माझे मत आहे.

बसवताना दोन पथ्ये. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला हवी. उलट बसला तर दाराला गरम पाण्याची खबर वेळेवर लागत नाही. आणि कडेला जे बारीक भोक असते ते वर यावे, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते. जुने गॅस्केट खरवडून नवे लावावे. बोल्ट बेताने आवळावेत. मग झाकण उघडे ठेवूनच थंड गाडीत कूलंट भरावे, गाडी सुरू करावी आणि वरची नळी गरम होईपर्यंत थांबावे. नळी गरम झाली की पातळी खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे. आत हवा राहिली तर नव्या थर्मोस्टॅटलाही पुन्हा खोटा ताप येतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. खंबाटकी चढून गेलो. काटा मध्यावर खिळलेला. आईने प्रतिष्ठापना पाहिली, आणि आरतीच्या वेळी टाळही हाती घेतला.

आता मिस्त्रींच्या त्या उपचाराविषयी. थर्मोस्टॅट काढून टाकला तर गाडी तापत नाही, हे बहुधा खरे. पण इंजिन गारठलेले राहिले की पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेतो, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साचून चिखल होतो आणि झीज वाढते. पेट्रोल जास्त लागते ते निराळेच. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेनेच परत फिरते, आणि गाडी उलट अधिक तापते! जुन्या टॅक्सीवाल्यांचे एक वेळ क्षम्य मानू. दिवसभर गाडी चालू, आणि भाग मिळण्याची मारामार. आजच्या संगणकवाल्या गाड्यांत तो काढणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा. इंजिन थंड आहे असे समजून संगणक पेट्रोल जास्त सोडीत राहतो आणि दिवा लावून तक्रार करतो. त्या तक्रारीचा सांकेतिक आकडाही ठरलेला आहे : पी ०१२८.

अलीकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत काटाच नसतो. थंड असता निळा दिवा आणि तापल्यावर तांबडा, एवढेच. निळा दिवा बराच वेळ विझला नाही, तर दार उघडे राहिल्याची शंका घ्यावी. तांबडा लागला तर मात्र "जवळच तर पोचायचे आहे" म्हणून एक फर्लांगही पुढे जाऊ नये. ॲल्युमिनियमचे हेड तेवढ्यात वाकते, आणि तीनशेच्या जागी खरोखरच हजारांचा आकडा ऐकावा लागतो.

राहता राहिले ते काढलेले जुने कूलंट. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असते. कुत्रीमांजरे ते चाटतात, लहान मुलेही फसतात. ते अंगणात किंवा गटारात न ओतता डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, ते घेणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्यावे; आणि देईपर्यंत डबा माळ्यावर ठेवावा.