तासाचा हिशेब

अक्राणी तालुक्यातील बिलगावात 2003 साली गावकऱ्यांनी केरळातील अभियंत्यांच्या साह्याने, स्वतः श्रमदान करून, 15 किलोवॅटचा जलविद्युत् संच उभारला. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो पाण्याखाली नेला. वर्गात घसाऱ्याचा विषय निघाला की प्रस्तुत लेखकाला हटकून त्या संचाची आठवण होते. घसारा आकारण्याइतके आयुष्यच त्याला लाभले नाही.

स्वच्छ ऊर्जेसाठी आज ज्या नॅनोतंतूंच्या उत्प्रेरकांचा बोलबाला आहे, त्यांच्याकडेही सातपुड्यातील पाड्यावरून पाहावयास हवे. सौर विजेने पाण्याचे विच्छेदन करून हायड्रोजन साठवावा आणि पुढे इंधनघटात प्राणवायूशी त्याचा संयोग घडवून पुन्हा वीज मिळवावी, अशी ही योजना. या घटात उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम लागते, आणि ते बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतून येते. त्याऐवजी लोह वा कोबाल्ट धारण करणारे कार्बनचे तंतू वापरता येतील काय, याचा शोध चालू आहे. बहुवारिकाच्या द्रावणाला उच्च विद्युत्-दाब देऊन केसाहून शेकडो पट बारीक तंतू ओढावयाचे आणि ते भट्टीत तापवून त्यांचा कार्बन करावयाचा. तंतू बारीक, म्हणून अभिक्रियेला पृष्ठभाग अफाट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधनघटांवर दीर्घकाळ काम झाले असून, 2022 साली पुण्यात इंधनघटावर चालणारी देशी बसही सादर झाली.

परंतु स्वस्त कशाला म्हणावयाचे? लोहाचा उत्प्रेरक प्लॅटिनमच्या मानाने लवकर निकामी होतो. तेव्हा त्याची किंमत ग्रॅमला किती यापेक्षा चालण्याच्या तासाला किती पडते, हे विचारले पाहिजे. शिवाय वीज, हायड्रोजन आणि पुन्हा वीज या फेऱ्यात जेमतेम एक तृतीयांश वीज हाती येते. रात्रीच्या दिव्याला बॅटरीच बरी! मात्र ज्या आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, त्यासाठी हायड्रोजनचा विचार अवश्य व्हावा.

केंद्राने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. त्यात संशोधनाचा वाटा 400 कोटींचा, म्हणजे शंभरातले दोन रुपये. त्या दोन रुपयांतून धडगाव परिसरातील एखाद्या आश्रमशाळेत असा संच दोन पावसाळे चालवून पाहावा. आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारा मुलगा जिल्ह्यातल्याच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तयार झालेला असावा. पुण्याहून जीप येईपर्यंत शाळेला अंधारात बसावे लागू नये.